मंगळवारचा तिसरा तास

देवयानी स्टाफरूममधल्या मोठ्या टेबलावर चढून बसली, पाय हलवत वह्या तपासायला लागली, आणि सुचित्राने चहात दुसऱ्यांदा साखर घातली.

चार मिनिटांनी त्याच टेबलावर सगळ्यांचा मॉर्निंग टी मांडला जाणार होता. अन्न ठेवायच्या टेबलावर बसायचं नाही ही माओरी लोकांची रीत, आणि अप्पर हट गावातल्या या शाळेत ती सगळेच पाळत. मुंबईहून येऊन तीन आठवडे झालेल्या देवयानीला ती कुठून माहीत असणार? सांग ना मग, सुचित्राने स्वतःला बजावलं. आणि चहा ढवळत राहिली.

सांगायला माणसं काय कमी होती हिला? विमानतळावर न्यायला गाडी. राहायला घर शोधून दिलेलं. दर मंगळवारी तिसऱ्या तासाला वर्गातून सुट्टी, का तर अरोहा या जुन्या शिक्षिकेजवळ बसून शंका विचारायच्या! नवे शिक्षक टिकत नाहीत म्हणून शाळेने यंदापासून ही कौतुकं सुरू केली होती. आठ वर्षांपूर्वी सुचित्रा पुण्याहून आली तेव्हा तिच्या हातात वर्गाची किल्ली आणि वेळापत्रक ठेवलं होतं, बस्स. पहिल्याच आठवड्यात तीही याच टेबलावर बसली होती. सगळी खोली गप्प झाली. का, ते तिला सात महिन्यांनी नववीतल्या एका मुलीकडून कळलं. होऊ दे की हिचंही तसंच.

घंटा झाली. केकचा डबा घेऊन अरोहा आत आली, तिच्यामागून बाकीचे.

"देवयानी, उतर गं. इथे आपण खाणं ठेवतो, म्हणून बसत नाही," ती हसून म्हणाली.

"अय्या! सॉरी, सॉरी!"

देवयानीने टुणकन उडी मारली आणि धावत जाऊन फडकं आणलं. सगळे हसले, तीही हसली, कोणीतरी केकचा तुकडा तिच्या हातात दिला. संपलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. सुचित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

थोड्या वेळाने देवयानी बशी घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"मला कोणी सांगितलं नव्हतं."

आठ वर्षं पोटात ठेवलेलं वाक्य, बाहेर आलं ते एवढंसं निघालं. सुचित्राला लाज वाटली. राग तर होताच.

देवयानी केक नुसताच चिवडत राहिली. मग म्हणाली, "मंगळवारी तुम्हीही या ना. अरोहाला काहीही विचारलं तरी चालतं."

"तेव्हा मला वर्ग असतो."

"कुठला? मंगळवारी तिसरा तास तुम्हाला मोकळा आहे की. मी वेळापत्रकात पाहिलंय."

सुचित्राने तो गार, गोडमिट्ट चहा एका घोटात संपवला.

"तुझा," ती म्हणाली. "तू अरोहाकडे असतेस तेव्हा तो मी घेते."