बेल नसलेला पिक्चर

पिक्चर भारी होता. सगळी पंचाईत तिथंच झाली.

भंगार निघाला असता तर मिरचीला बरं पडलं असतं. नाक मुरडलं असतं, हिरोला चार शिव्या घातल्या असत्या आणि सरळ घर गाठलं असतं. पण दुपारच्या त्या खास खेळाला पहिल्या दहा मिनिटांतच तिची बोटं खुर्चीच्या हातात रुतली. पडद्यावर तिचीच बँक होती. तीच काउंटरची काच, तीच तडकलेली फरशी, कायम एक आकडा मागे राहणारं ते टोकनचं मशीनसुद्धा. दोघं दरोडेखोर आत घुसले, शटर खाली ओढलं आणि अकरा माणसं जमिनीवर पालथी झाली. त्या अकरातली एक मिरची. दीड वर्षापूर्वीची गोष्ट. पुढं काय होणार ते तिला मिनिटामिनिटानं पाठ होतं, तरी नजर हटेना.

मिरची हे नाव शिपाईकाकांनी ठेवलेलं. तेव्हा तिला शाखेत लागून चार महिनेच झाले होते, सगळ्यांत लहान कॅशियर, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. काका आता नाहीत. त्या अकरातले दहा जण बाहेर आले, काका आले नाहीत. त्यांची बायको, म्हणजे काकी, मिरचीच्या शेजारच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"ही नटी म्हणजे तू का गं?" काकी कुजबुजल्या.

"हो म्हणे."

"एवढी रडकी नव्हतीस तू."

"त्यांना रडायचा पगार असतो, काकी."

मग पडद्यावर काका आले. ही छाती, हे दंड. काकींनी डोळे बारीक केले. "ह्यांना गॅसची टाकी हलवायला शेजारचा पोरगा लागायचा," त्या म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

पुढच्या रांगेत मॅनेजर साहेब आणि त्यांच्या बाजूला सुटका पथकाचा कमांडर. पिक्चरचा हिरो म्हणजे तोच, आणि पिक्चरवाल्यांना सल्ला द्यायलाही तोच. मिरची अधूनमधून त्याच्या मानेकडं बघत होती. मान हलत नव्हती.

आता खरं काय झालं होतं ते दोनच जिवंत माणसांना नीट माहीत होतं. एक हा कमांडर, दुसरी मिरची.

बँकेत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी धोक्याच्या बेलची चाचणी व्हायची. नियम असा की बेल वाजली की शिपायानं पळत जाऊन कॅशरूमची लोखंडी जाळी साखळीनं खाली ओढायची. बाकी सगळे चहा पीत बसायचे, साहेबसुद्धा. काका मात्र बावीस वर्षं जीव खाऊन पळायचे. "काका, चोर चहाला गेलेत, सावकाश घ्या," असं मिरचीच ओरडायची, आणि सगळे खिदळायचे.

त्या दिवशी दरोडेखोरांनी फोनवर बोलायला मिरचीला बसवलं. आवाज खणखणीत म्हणून. पलीकडून कमांडर हळूच म्हणाला, "नुसतं हो-नाही म्हणायचं. काउंटरखाली बेलचं बटण आहे?" हो. "पायानं दाबता येईल?" हो. "मी फोन ठेवला की शंभर मोज आणि दाब. ते दोघं आवाजाकडं वळतील, आम्ही दार उडवू. तुमचे सगळे लोक आडवेच राहतील ना? उभं कुणी दिसलं तर आम्ही त्याला दरोडेखोर समजणार. बेल ऐकून कुणी उठणार नाही ना?"

"नाही," मिरची म्हणाली होती.

विचारच नव्हता केला. बेल ऐकून कोण उठतंय, तिच्या डोक्यात बेल म्हणजे चहा.

शंभर मोजले, दाबली. दार उडालं, धूर झाला, आणि त्या धुरात एकच माणूस ताडकन उठला आणि पळाला. दरोडेखोराच्या अंगावर नाही. जाळीकडं. साखळीला हात पोचला पण नव्हता. गोळी दाराकडून आली. मिरचीनं काउंटरखालून बघितलं.

रिपोर्टमध्ये लिहिलं, दरोडेखोराच्या गोळीनं मृत्यू. तिला कुणी विचारलं नाही, तीही तोंड शिवून बसली. पुढं पिक्चरचा दिग्दर्शक वही घेऊन आला तेव्हा तिनं बेलचं तेवढं सांगितलं, काकांचं गिळलं. तो म्हणाला, "बेल नको. बेल वाजली की लोकांना आधीच कळतं. शांततेत दार उडालं पाहिजे, मग दचकतात." मिरचीला इतकं हलकं वाटलं होतं, की त्याला दारापर्यंत सोडायला गेली.

आणि पठ्ठ्यानं करून दाखवलं होतं. थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. पडद्यावरचे काका दरोडेखोराकडं बघतायत, त्याचं पिस्तूल त्या नटीच्या कपाळाला. मग दार उडतं, धूर होतो, काका वाघासारखी उडी मारतात, गोळी खातात, आणि नटी वाचते. अख्खं थिएटर टाळ्या वाजवायला लागलं. कुणी तरी हुंदके देत होतं.

मिरचीचे हातसुद्धा टाळीसाठी वर आले होते. ते तिनं बघितले आणि मांडीखाली दाबून ठेवले. पाच-सहा सेकंद तिला खरंच वाटलं होतं की असंच झालं. आपण काही दाबलं नाही. आपल्याला काकांनी वाचवलं. एवढं सोपं होतं ते, आणि एवढं गोड. आणखी दोनदा बघितला तर कायमचंच पटेल, हेही तिला कळलं.

काकी टाळ्या वाजवत नव्हत्या.

पिक्चर सुटल्यावर दोघी बायकांच्या बाथरूममध्ये गेल्या. बाहेर चॅनेलवाले कॅमेरा लावून उभे होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला "कसा वाटला" विचारत. काकींनी तोंडावर पाणी मारलं. नळ सुरूच ठेवला.

"ते उडीबिडी मारणारे नव्हते," त्या आरशात बघत म्हणाल्या. "पाल दिसली तरी मला हाक मारायचे. मी दीड वर्ष स्वतःला समजावतेय, की अडचणीत माणूस बदलत असेल. आता डोळ्यांनी बघितलं आणि पटेना."

मिरचीनं रुमाल पुढं केला.

"पालथे पडा म्हटल्यावर हा माणूस पालथाच राहणार. सांगितलेलं मोडायचा नाही. एकाच गोष्टीला उठायचा. शेजाऱ्यांच्या दाराची बेल वाजली तरी झोपेतून उठून उभा." काकी वळल्या. "पिक्चरमध्ये बेल नाहीच. तिथं वाजली होती का गं?"

नाही म्हणायला काय लागत होतं. एकदा म्हणून झालंच होतं, फोनवर.

"वाजली होती," मिरची म्हणाली. "मी दाबली. कमांडरनं सांगितलं होतं. कुणी उठेल का असंही विचारलं होतं त्यानं. मी नाही म्हटलं. काका जाळी ओढायला उठले. गोळी दाराकडून आली, काकी."

काकींनी तिच्याकडं बघितलं. मारतील असं मिरचीला वाटलं, आणि मारलं असतं तर बरं, असंही. त्यांनी नळ बंद केला, पर्स खांद्याला अडकवली आणि बाहेर गेल्या.

कॅमेऱ्यासमोर कमांडरच उभा होता. काकींना बघून तो पुढं आला, आवाज मऊ केला. "ताई, असा शूर माणूस मी बघितला नाही."

"ह्यांच्या हातात काय होतं?" काकींनी विचारलं. "उठले तेव्हा."

"म्हणजे?"

"पिस्तूल होतं? सुरी होती? तुम्ही दारात होतात ना."

कमांडरची नजर काकींच्या खांद्यावरून मागं गेली आणि मिरचीवर थांबली. साहेबांनी मिरचीचा दंड धरला. "चल, गाडी खाली आलीय," ते दातांत पुटपुटले. "नोकरी आहे ना अजून?"

"दंड सोडा साहेब, दुखतोय."

चॅनेलवाल्या पोरीनं कमांडरला सोडून माईक मिरचीपुढं धरला. "तुम्ही आत होतात ना? दाखवलंय तसंच झालं?"

जिना डाव्या हाताला होता, मोकळा.

"नाही," मिरची म्हणाली. "तिथं बेल होती."

आणि ती सांगत गेली, पहिल्या सोमवारपासून. मध्येच तिचा खणखणीत आवाज चिरकला, तरी थांबली नाही. काकी पाठमोऱ्या उभ्या राहून ऐकत होत्या. सगळं सांगून संपलं तरी त्या वळल्या नाहीत.