गाठ मारलेली पिशवी

या, असे जवळ सरका. पाय मोकळे सोडा, मन मात्र इथेच ठेवा. आज एका खोक्याची गोष्ट सांगायची आहे. खोक्यात काय एवढं सांगण्यासारखं, असं म्हणाल. पण देवानं आपल्यालासुद्धा कातडीत गुंडाळूनच खाली धाडलंय, तेव्हा वेष्टनाला अगदीच कमी लेखू नका.

एक होता खोकेशास्त्री. खरं नाव वेगळं, पण ऑफिसात सगळे त्याला याच नावानं हाक मारत. साबण, अत्तर, चॉकलेट, फोन, काहीही असो, ते कशात घालून दुकानात जाईल हे हा ठरवायचा. हल्ली या धंद्यात एक नवं वेड आलंय. वस्तू हातात पडण्याआधीच ती उघडण्याची मजा वाटली पाहिजे. झाकण फटकन निघता कामा नये. ते वर उचललं की खालचा भाग हळूहळू, श्वास सोडल्यासारखा सुटावा. मग पातळ कागद, मग रेशमी फीत, मग झाकणाच्या आतल्या अंगाला छापलेले दोन गोड शब्द. या कामात खोकेशास्त्र्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. लोक त्याची खोकी उघडतानाचे व्हिडिओ काढत आणि आतल्या वस्तूकडे नंतर बघत.

त्याच्या वडिलांना मात्र याचं काडीचं कौतुक नव्हतं. ते बसचे ड्रायव्हर, नोकरीतून मोकळे झालेले. मुलानं नवं खोकं आणलं की कानाशी धरून हलवून बघायचे.

"रिकामंच आहे की रे! आत काय, ते बोल."

"बाबा, माझं काम वरचं. आतलं करणारे वेगळे."

"असं होय? मग तुला पगारही नुसत्या पाकिटाचाच देत असतील!"

आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसायचे. पुढे पुढे हसू कमी झालं आणि खोकला वाढला. तो छातीत घर करून बसला. शेवटी त्यांना दवाखान्यात नेलं. अतिदक्षता विभागात घरच्यांना आत सोडत नव्हते. आई दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिली, आणि बाबा आतल्या आत गेले.

मागे राहिली ती एक पिशवी. खिडकीतल्या माणसानं सही घेतली आणि ती पुढे सरकवली. दुधी प्लास्टिक, तोंडाला करकचून गाठ, वर नावाची चिकटपट्टी. खोकेशास्त्र्यानं ती हातात घेतली मात्र, त्याच्या डोक्यात तिडीक गेली. प्लास्टिक तो बोटांनी ओळखायचा. हे कचऱ्याच्या पिशव्यांचं होतं.

घरी आल्यावर आईनं पिशवी त्याच्या हातून काढून घेतली आणि झोपायच्या खोलीच्या दारामागं खिळ्याला अडकवली. त्या दिवसापासून ती त्या खोलीत झोपायला गेली नाही. बाहेरच्या सोफ्यावर बसल्या बसल्या मान टाकायची, दचकून जागी व्हायची. दोन घास खाऊन ताट सारायची. डोळ्यांत पाणी म्हणून नाही. गालांची हाडं वर आली.

"आई, आत जाऊन आडवी हो ना. पाठीचं काय होईल?"

"माझी पाठ माझ्यापाशी."

सून म्हणाली, "मी सोडू का गाठ? तुम्ही नुसत्या बसून राहा."

"हात तर लावून बघ!"

आता खोकेशास्त्र्यानं आपल्या परीनं निदान केलं. त्याला वाटलं, दोष सगळा त्या पिशवीचा. तीच वस्तू नीटनेटक्या वेष्टनात आली असती, तर आईला ती उघडावीशी वाटली असती. आई उघडेल, रडेल, मोकळी होईल, अंथरुणाला पाठ टेकेल. तो त्याच दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरना जाऊन भेटला. "गेलेल्यांच्या वस्तूंसाठी खोकं करून देतो, पैसे नकोत," म्हणाला. त्यांनी हो म्हटलं.

मग काय, त्यानं जीव ओतला. राखी रंगाचा जाड पुठ्ठा, कडेला फीत, सावकाश सुटणारं झाकण, आत छापलेलं, 'आठवणी जपून ठेवा.' ऑफिसातल्या मॅडमनी ते दोनदा उघडून पाहिलं. "यंदाचं बक्षीस आपलंच, शास्त्रीबुवा!"

पहिला नमुना तो घरी घेऊन आला. आई मटार सोलत होती. त्यानं खोकं तिच्यासमोर ठेवलं. "आई, बाबांच्या वस्तू आपण यात ठेवू. बघ तरी उघडून."

आईनं हात पदराला पुसले आणि झाकण उचललं. ते हळूहळू वर येऊ लागलं. निम्म्यावर तिचे हात थांबले.

"हे एवढं रेंगाळतंय का?"

"मुद्दाम केलंय. आत काय असेल याची उत्सुकता वाढते."

शब्द तोंडातून गेला आणि त्याचा त्यालाच चटका बसला. आईनं झाकण पुन्हा खाली दाबलं.

"आत काय आहे ते मला ठाऊक आहे, बाळा. तुझे बाबा नाहीत आत."

मंडळी, इथे जरा आपणही थांबू. मुलानं वाईट चिंतलं नव्हतं. हात कामाला सरावले की तेच काम करत राहतात. सणसमारंभाला जे करावं, तेच त्यानं दुःखाच्या दारात मांडून ठेवलं होतं.

त्यानं खोकं बाजूला सारून विचारलं, "मग ती पिशवी तू का उघडत नाहीस?"

आई शेंगांकडे बघत म्हणाली, "बाहेरून चाचपून पाहिली मी. खाली काहीतरी बोळा करून कोंबलंय. शर्टच असणार. त्यांना सुरकुती खपत नसे, माहीत आहे ना? स्टिअरिंगवर बसायच्या आधी कॉलर दहादा सारखी करायचे." तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "मला आत सोडलं नाही रे. शेवटच्या वेळी परक्यांनी त्यांना कसं वागवलं, ते मला कळलेलंच नाही. गाठ सुटली की कळेल. आणि ते जर तसंच असलं, तर मी कुठे जाऊ?"

तो उठला, दारामागची पिशवी काढली आणि खाटेवर जाऊन बसला. त्यालाही आता तीच भीती वाटत होती. थोड्या वेळानं आई येऊन शेजारी टेकली. तो कात्री आणायला उठू लागला, तसा तिनं त्याचा दंड धरला.

"कापू नकोस. सोड."

गाठ घट्ट होती. नखं दुखेपर्यंत त्यानं ती उकलली.

बोळा होता, पण शर्टाचा नव्हता. कागदात गुंडाळून चपला तळाशी ठेवल्या होत्या, तळव्यांची धूळ कपड्यांना लागू नये म्हणून. त्यावर घडी घातलेली पँट. त्यावर निळा शर्ट. सगळी बटणं लावलेली, बाह्या मागे दुमडलेल्या. खिशात चष्मा, काचांवर चरे पडू नयेत म्हणून रुमालात गुंडाळलेला. आणि कॉलरच्या खाली पुठ्ठ्याची एक पट्टी. हातमोज्यांच्या खोक्याची कड फाडून कोणीतरी ती आत सरकवली होती, कॉलर मोडू नये म्हणून.

खोकेशास्त्री त्या पट्टीकडे बघतच राहिला. फाडलेली कड, वेडीवाकडी, पण माप अचूक.

आईनं कॉलरवरून बोट फिरवलं. "सरळ आहे," ती म्हणाली. "बघ ना रे, अगदी सरळ आहे." आणि शर्टात तोंड खुपसून ती रडली, घरात कोणी आहे याचं भान सोडून रडली. मग तिथेच आडवी झाली. दिवे लागले तरी उठली नाही. सुनेनं हळूच पांघरूण घातलं.

दुसऱ्या दिवशी तो पट्टी घेऊन मोठ्या सिस्टरकडे गेला. "हे कोणी केलं?"

त्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "काय सांगू? त्या पाळीची एखादी आया असेल, नाहीतर वॉर्डबॉय. आमच्याकडे बरेच जण असं करतात. पिशव्या वरून ठरून येतात हो. घडी तेवढी आमच्या हातात."

मग खोकेशास्त्र्यानं राखी खोकं परत घेतलं आणि नवं केलं. साधा तपकिरी पुठ्ठा. झाकण एका बोटानं उघडतं आणि पुन्हा तसंच मिटतं, म्हणजे नको वाटलं तर नुसतं मिटून ठेवता येतं. फीत नाही, आत अक्षर नाही. तळाशी चपलांचा कप्पा. रुंदी घडी घातलेल्या शर्टाएवढी. आणि कडेला एक पट्टी, बोटानं सहज निघेल अशी, कॉलरसाठी.

मॅडमनी ते हातात घेतलं. "यात बक्षीस देण्यासारखं काय आहे, शास्त्रीबुवा?"

"काही नाही, मॅडम."

त्यांनी झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं. "कारखान्यात करायला पाठवा," म्हणाल्या.

आई आता खोलीतच झोपते. निळा शर्ट कपाटात आहे, पट्टीसकट.

तर मंडळी, उठण्याआधी एवढंच मागणं. कोणाचा बाप, कोणाचा नवरा, काही ठाऊक नसताना, कोणी बघत नसताना, त्या शर्टाची बटणं एका माणसानं शेवटपर्यंत लावली. ती बाई होती की पुरुष, नाव काय, गाव कोणतं, कोणालाच माहीत नाही. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांबरोबर त्या हातांचीही आठवण काढा.