विलाससरांची विद्यार्थिनी

विलासरावांनी चमच्याच्या कडेने थालीपिठाचे आठ तुकडे केले आणि त्यातला एक प्रभाच्या ताटलीत सरकवला.

"ही समजा कंपनी. एवढा भाग तुम्ही विकत घेतलात, याला म्हणायचं शेअर. म्हणजे तुम्ही कोण झालात, ताई?"

"गिऱ्हाईक?" प्रभा मुद्दाम चुकली.

"बिल्कुल नाही! मालक. छोट्याशा, पण मालक."

चुकीचं उत्तर मिळालं की त्यांचा चेहरा खुलतो, हे तिला एव्हाना पाठ झालं होतं. दिवाळीपासून रोज नाश्त्याला हा वर्ग भरत होता. बायकोचा चेहरा विसरलेल्या माणसाला लाभांश म्हणजे काय ते मात्र लख्ख आठवत होतं; आता याला काय म्हणावं! सुरुवातीला तिने "अहो, मी प्रभा" असं सांगून पाहिलं, तर ते घाबरून भिंतीला टेकले. तेव्हापासून ती त्यांना "सर" म्हणू लागली. त्यांच्या तोंडून एकदा आपलं नाव ऐकायला मिळावं, एवढीच तिची हाव उरली होती.

नोकरीत असताना दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते रविवारी ओळखीच्या मराठी मंडळींना गुंतवणुकीचे पहिले धडे द्यायचे, तेही फुकट. प्रभा आत पोहे परतायची. एकदा तिने दारातूनच विचारलं होतं, बाजार पडला तर आपल्या शेअरचं काय होतं? सगळ्यांदेखत ते हसले होते. "तू पोह्यांचं बघ. तुला काय कळणार यातलं!" तिने पुन्हा कधी विचारलं नाही. पुढे नोएडात हा फ्लॅट झाला तोही शेअरांच्याच जिवावर. तिने फक्त ते बोट ठेवतील तिथे सह्या केल्या.

आज काय मनात आलं कोण जाणे, तिने तोच प्रश्न विचारला.

"सर, बाजार पडला तर माझ्या शेअरचं काय होतं?"

त्यांनी चमचा खाली ठेवला.

"वा! भाव उतरतो, पण तुमचा हिस्सा तेवढाच राहतो. घाबरून विकलात तर तोटा पक्का. कंपनीच बुडाली तर मात्र सगळं गेलं. हीच जोखीम. मिस्टरांनी कधी सांगितलं नाही?"

"ते म्हणायचे, तुला काय कळणार."

"हे काय बोलणं झालं?" ते चिडले. मग ताटलीतला तुकडा बोटाने सरकवू लागले. सरकवता सरकवता म्हणाले, "मीही म्हणालो होतो. प्रभाला. लोकांसमोर."

प्रभाने पदर तोंडाशी धरला.

"प्रश्न बरोबर होता हो तिचा. मलाच पटकन उत्तर सुचलं नाही, म्हणून हसलो मी."

"त्यांना सांगितलंत हे?" तिने विचारलं.

"आज सांगणार. भाजी आणायला गेलीय, येईलच. तुम्ही निघा आता, ताई. परक्या माणसासमोर माफी मागितली तर तिला अवघडल्यासारखं होईल."

त्यांनीच दार उघडून दिलं. बाहेर लिफ्टपाशी उभी राहून प्रभा पोटभर रडली, आवाज न करता. मग तिने डोळे पुसले, निऱ्या सारख्या केल्या. वेडी आशा म्हणा हवं तर. तिने बेल वाजवली.

दार लगेच उघडलं. तेवढ्यात त्यांनी केस विंचरले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून पलीकडे.

"माफ करा, मला वाटलं बायको आली. खाली दिसली का हो कुठे?"

"दिसल्या," प्रभा म्हणाली. "येतायत. हातात ओझं आहे, म्हणून हळू चालतायत."

"अच्छा, अच्छा."

पायात चप्पलही न घालता ते बाहेर आले आणि पिशवी घ्यायला हात पुढे करून लिफ्टसमोर उभे राहिले.