राखी बगळ्यातलं भूत

यॉर्कमध्ये ‘राखी बगळा’इतका जुना पब दुसरा नाही, असं एनिड थॅक्रे सांगायची. समोरच्या पबची मालकीणही स्वतःच्या पबबद्दल हेच सांगायची. फरक इतकाच, की समोर तीन भुतं होती आणि एनिडकडे एकही नव्हतं. पर्यटक अर्थातच भुतांकडे जात. पबची इमारत बिअरच्या कंपनीची होती आणि तिने तर ‘राखी बगळा’ बंद करायची भाषा सुरू केली होती. पबच्या वरच्या मजल्यावर थाटलेला संसार आता कुठे हलवायचा, या विचाराने एनिडची झोप उडाली होती.

तिचा नवरा क्लिफर्ड तेव्हा शेवटच्या दुखण्यात होता. एके दुपारी तो म्हणाला, “माझं नाव दे.”

“कशाला?”

“भूत म्हणून.”

“तू अंथरुणात मरतोयस, क्लिफर्ड. त्याला कोण घाबरणार?”

“मग लाव की थोडं तिखटमीठ.”

तो गेला. दफन उरकल्यावर एनिडने बार्नबीला गाठलं. हा शहरात नवा आलेला, पर्यटकांना भुताच्या जागा दाखवत फिरवणारा पोरगा. पूर्वीचा एक मालक, क्लिफर्ड नावाचा, तळघरात वावरतो, एवढंच तिने सांगितलं. तिखटमीठ बार्नबीने लावलं. त्याने क्लिफर्डला चारशे वर्षं मागे ढकललं आणि त्याच्या बायकोकरवी बिअरमधून विष पाजलं.

धंदा उसळला. कंपनी गप्प बसली. रोज संध्याकाळी गोष्ट ऐकून लोक आत येत आणि त्या सटवीचा उद्धार करत. एनिड मुकाट्याने त्यांचे ग्लास भरायची.

“असल्या बाईला जिवंत जाळायला हवं होतं,” एक अमेरिकन बाई म्हणाली.

“हो ना,” एनिड म्हणाली. “शेंगदाणे देऊ?”

पुढे कुणा जुन्या गिऱ्हाइकाने बार्नबीला क्लिफर्ड कोण ते सांगितलं. तो दुपारीच टोपी हातात घेऊन हजर झाला.

“एनिडबाई, मला खरंच माहीत नव्हतं हो. आजपासून बायको काढून टाकतो. तळघराच्या पायऱ्यांवरून घसरून मेला, असं सांगतो.”

एनिड काउंटर पुसत राहिली. क्लिफर्डची तिला फार आठवण यायची, वेळीअवेळी, हातात काम असतानाही.

“नको,” ती म्हणाली.

“अहो, पण लोक तुम्हाला काय काय बोलतात.”

“बोलू देत. बायकोला काढलंस, तर तिथे तो एकटा पडेल रे.”