काहील कुणाची?

मी काहील बोलतेय. लोखंडी, काळी, ढेरपोटी. नाकं मुरडू नका! अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, जॉर्जियातल्या या कापसाच्या मळ्यावर माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. सगळ्यांचे मळके कपडे मीच उकळले ना!

मळा मिस लव्हिनियाचा. केझियाही तिचीच, बाजारातून विकत आणलेली. ती माझ्यातलं धुणं काठीनं ढवळायची, बाई खुर्चीत बसून डाग दाखवायची.

मग गुलामीवरून उत्तर-दक्षिणेत लढाई पेटली. बंदरं बंद, मीठ गायब. गावभर मांस सडायला लागलं. बाईनं मांस टांगायच्या कोठीतली जमीनच खणायला लावली. खारवलेल्या डुकरांतून वर्षानुवर्षं मीठ गळलेलं तिथं. ती माती केझियानं पाण्यात कालवून गाळली, ते पाणी माझ्यात आटवलं. तळाशी मूठभर तपकिरी मीठ उरलं. बाईनं तेही कुलपात घातलं. केझियाच्या मक्याच्या भाकरीला चिमूटही नाही! तेव्हापासून बाई वाकली की मी फस्सकन वाफ सोडायचे. दोनदा भुवया भाजल्या मेलीच्या. चुकून नाही हं.

उत्तरेचे निळ्या कोटातले शिपाई आले. डुकरं नेली, कापूस जाळला. मी जड, म्हणून वाचले.

लढाई संपली, केझिया गुलामीतून सुटली. तिला रस्त्यापलीकडच्या झोपडीत लोकांचं धुणं घ्यायचं होतं. पण काहिलीशिवाय कसलं धुणं? मग पुन्हा बाईच्याच मळ्यात राबणं आलं.

"मिस लव्हिनिया, काहील मला द्या. तीस वर्षं मीच घासलीय."

"ने की! एकटीनं नेता आली तर तुझी." बाई खदाखदा हसली. मला हलवायला चार गडी लागायचे.

केझियानं पहारीनं मला आडवं पाडलं आणि दिला पायानं धक्का. मी निघाले उतारावरून गडगडत, थेट रस्त्यापलीकडे!

"अगं सटवे, उचलून ने म्हणाले मी!"

"तसं कुठं म्हणालात? आता तुम्ही उचलून परत आणा."

बाईनं वीट भिरकावली. माझ्या काठाचा टवका उडाला. उडू दे.

आता मी केझियाच्या अंगणात असते. काल बाई आली, स्वतः गाठोडं घेऊन.

"केझिया, चादरी आहेत गं."

"मिसेस टॅटम म्हणायचं."

गुलाम राहिलेल्या कुणाला बाईनं जन्मात असं आडनावानं, मानानं म्हटलं नव्हतं. ती लाल झाली, हिरवी झाली. मागं वळून बघितलं, पण तिच्याकडे धुणारं कुणी उरलंच नव्हतं.

"मिसेस टॅटम," ती दातओठ खात पुटपुटली.

"ठेवा तिकडं. तुमच्याआधी सहा गाठोडी आहेत."

बरं, निघा आता तुम्ही. पाणी उकळलंय, मला कामं आहेत.