कांग दस्मानची साक्ष

आमच्या गल्लीत आजवर एकही वाईट माणूस मेलेला नाही. जिवंतपणी पुष्कळ होते. पण जनाजा उचलण्याआधी मशिदीचा मोदिन अंगणात उभा राहतो आणि जमलेल्यांना विचारतो, "हा माणूस कसा होता?" मग सगळे एका सुरात म्हणतात, "चांगला होता." शेजाऱ्यांची ही साक्ष वर ऐकली जाते, अशी आमची समजूत आहे. कोंबडीचोर कासिदीनलाही ती मिळाली. त्या दिवशी ज्यांच्या कोंबड्या गेल्या होत्या, त्यांचाच आवाज मोठा होता.

कांग दस्माननी ठरवलं होतं, की हाजी मुस्लिख मेला की आपण 'नाही' म्हणायचं. दस्मानना सगळी गल्ली 'कांग' म्हणते, थोरल्या भावाला म्हणतात तसं. एवढा सौम्य थोरला भाऊ जावातल्या आमच्या पेकालोंगान शहरात दुसरा नव्हता, म्हणून सगळ्यांनाच जरा धक्का बसला.

मिसरूड फुटल्यापासून कांग हाजीच्या कारखान्यात बाटिकचं कापड रंगवत होते. रंगाची भुकटी पाण्यात ढवळायची आणि कोपरापर्यंत हात बुडवून कापड खळबळायचं. ईदच्या नमाजालाही त्यांचे हात निळेच असत. आमच्या धंद्यात थुंकी, शेंबूड, घाम, सगळं रंगीत निघतं आणि कुणी त्याचं काही मनावर घेत नाही. तेव्हा कांगना लघवी लाल झाली, तसं इथला कुठलाही रंगारी करील तेच त्यांनी केलं. हौदात कुठला रंग होता ते आठवून पाहिलं. लाल होता. ते निश्चिंत झाले. पुढे निळ्याचं काम लागलं, हिरव्याचं लागलं, लघवी लालच राहिली. दुखत मात्र काहीच नव्हतं.

शेवटी त्यांनी हाजीला विचारलं. हाजी पोट धरून हसला. "अरे, माझा माल आहे. पक्का रंग. उतरायला वेळ लागणारच. शहाळ्याचं पाणी पी."

मग आपल्या पुतण्याच्या सुंतेच्या जेवणात हाजीने भर पंगतीत सांगितलं, "दस्मानला आता हौद लागत नाही. समोर कापड धरायचं नि उभं राहायचं." पंगत हसली. कांगही हसले. मालकाच्या विनोदाला हसायची आमच्याकडे पद्धत आहे. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ते शहाळी पीत राहिले.

रंगाऱ्यांसाठी कुठल्याशा खात्याकडून रबरी हातमोज्यांचं खोकं आलं होतं, तेही सांगायला हवं. "मोजे घातले की कापडाचा अंदाज येत नाही," असं म्हणून हाजीने ते कोठारात ठेवलं. त्यात त्याची मांजर दोनदा व्याली.

एके दिवशी लघवीत रक्ताची गाठच पडली, तेव्हा बायकोने, रुकायाने, त्यांना माझ्या मोटारसायकलवर बसवून स्टेशनला आणि तिथून सेमारांगच्या इस्पितळात धाडलं. सोबतीला शेजारी म्हणून मी. डॉक्टरीणबाईंनी लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून आत पाहिलं.

"मूत्राशयात गाठ आहे. कॅन्सर. अजून आतल्या अस्तरातच दिसतोय, हे नशीब," त्या म्हणाल्या. "काम काय करता?"

"रंगारी."

"आणि सिगारेट?"

कांगनी खिशावर हात ठेवला. लवंगेची सिगारेट त्यांच्या ओठाला लहानपणीच चिकटली होती.

"म्हणजे दोघांची भागीदारी आहे," बाई म्हणाल्या. "आजपासून सिगारेट बंद."

कांगनी जरा विचार केला. "डॉक्टर, एकच विचारतो. हाजी मुस्लिखपेक्षा जास्त जगेन का मी?"

"ते कोण?"

"मालक. माझ्याहून वयाने थोरले आहेत. साखर आहे, पायाला जखम आहे."

"मग चांगली संधी आहे," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "पण मी सांगेन ते सगळं करावं लागेल."

घरी आल्यावर कांगनी उरलेली सिगारेटची पाकिटं नव्या रुमालात बांधून हाजीकडे भेट म्हणून पाठवली. हाजीने ती आनंदाने ओढली. ती का पाठवली, ते त्याला नंतर कळलं.

कमरेत सुई देऊन, खालचं अंग बधिर करून गाठ खरवडून काढली. नळी लावून आतून पाणी फिरवत ठेवलं. पिशवीत उतरणारं पाणी आधी लाल, मग गुलाबी, मग फिकट. कांग खाटेवरून छटा सांगत आणि नर्स लिहून घेत. घरी गेल्यावर जड उचलायचं नाही, कुंथायचं नाही, पाणी भरपूर. काही दिवसांनी पुन्हा थोडं रक्त दिसेल, खपली निघते, घाबरायचं नाही, असं सांगितलं होतं. तसं ते दिसलं, आणि कांग घाबरले. मग म्हणाले, "हाजी अजून चालता-फिरता आहे," आणि जेवले.

पुढची पायरी वेगळी होती. क्षयाच्या लसीतले जंतू नळीने थेट मूत्राशयात सोडायचे, दर आठवड्याला. त्या दिवशी सकाळपासून पाणी कमी प्यायचं, कारण औषध आत दोन तास धरून ठेवायचं असतं. ज्यांना दोन मिनिटं धरवत नव्हती, ते कांग कूस बदलत पडून राहायचे आणि हाजीच्या मयतात कोण कुठे उभं राहील ते मला सांगायचे.

"मोदिन पायरीवर. मुलगा फतोनी बापाच्या उशाशी. मी पुढच्या ओळीत, डावीकडे."

"डावीकडे का?"

"आवाज बरा पोचतो."

नंतर लघवी बसून करायची आणि दिवसभर दर खेपेला भांड्यात ब्लीच ओतून थांबायचं, जंतू जिवंत असतात म्हणून. ज्या माणसाने आयुष्यभर ब्लीचपासून रंग जपला, त्याचा संडास गल्लीत सगळ्यात पांढरा झाला. रात्री थंडी वाजून ताप यायचा, अंग मोडायचं, लघवीला जाताना निखारा उतरल्यासारखं व्हायचं. रुकाया पाठ चोळत म्हणायची, "अहो, सोडा तो राग. त्यानेच जळतंय."

"रागाने नाही गं. औषधाने. रागानेच तर सहन होतंय."

ही गोष्ट हाजीच्या कानावर गेली. भर दुपारी तो फळांची टोपली घेऊन आला, ओसरीवर बसला.

"दस्मान, लोक बोलतात ते खरं का?"

"काय बोलतात?"

"तू म्हणे माझ्या मयताला..."

"यायचं तर आहे. डॉक्टर म्हणतात संधी चांगली आहे."

"अरे, दर ईदला आपण एकमेकांची माफी मागतो. दरवर्षी तू मला माफ केलंयस."

"केलंय ना. पण तेव्हा मला तो रंग वाटत होता. रंगाचं माफ आहे, हाजी. रक्ताचं मी अजून कुठे माफ केलंय?"

हाजीने टोपी काढून वारा घेतला. "एका माणसाच्या 'नाही'ने असं काय होणार आहे?"

"काहीच नाही. मग एवढ्या उन्हात आलात कशाला?"

दुसऱ्या दिवशी हाजीने मांजर हाकलून मोज्यांचं खोकं बाहेर काढलं. मोजे चिकटून बसले होते, म्हणून नवे आणवले. तिसऱ्या दिवसापासून तो पहाटे चालायला लागला. भात कमी केला, साखर सोडली, सिगारेट सोडली. दस्मानच्या आधी मरायचं नाही, हे त्याने मनावर घेतलं होतं. गल्लीत दोन म्हातारे एकमेकांवर डोळा ठेवून तब्येत सांभाळू लागले.

"पाय ओढताय, हाजी," कांग ओसरीवरून म्हणत.

"तुझं काय? दिसतंय का काही?"

"छे. स्वच्छ. शहाळ्यासारखं."

दर तीन महिन्यांनी सेमारांगला दुर्बीण असे. दर वेळी कांग विचारत, "बरा झालो का?" आणि डॉक्टरीणबाई एकच उत्तर देत, "आत्ता तरी काही दिसत नाही. तीन महिन्यांनी परत बघू." तपासणीच्या आधीचे दिवस कांगना जेवण जात नसे. नंतर दोन दिवस बरे जात, की पुन्हा पुढची तारीख छातीवर बसे.

दुसऱ्या वर्षी हाजी हरला. मुलाच्या, फतोनीच्या घरी दुरियानचा, त्या फणसासारख्या गोड फळाचा हंगाम होता. वास आला, मोह झाला. अख्खं फळ खाऊन तो आडवा झाला तो उठलाच नाही.

मोदिन तोहारी सकाळीच कांगच्या दारात आले. "कांग, विचारू की नको विचारू?"

"तुमचं काम आहे. विचारा."

"मग तुम्ही जरा मागे उभे राहाल? तुम्हाला संडासही जवळ पडेल."

"सकाळपासून पाणी प्यायलो नाही, मोदिन. मला धरून ठेवायची सवय आहे."

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. एवढी गर्दी काही हाजीच्या प्रेमापोटी आली नव्हती. कांग पुढच्या ओळीत, डावीकडे. मोदिननी इतक्या हळू विचारलं की त्यांनाच ऐकू आलं नसेल. "हा माणूस कसा होता?"

सगळ्यांनी 'चांगला' तोंडात धरून कांगकडे पाहिलं. फतोनीची मान खाली होती. भिंतीपलीकडे कारखान्याच्या दोरीवर हातमोजे वाळत होते, लाल नि निळ्या बोटांचे.

कांगनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. एवढा सगळा ताप, नळ्या, निखारे, आणि हाजीला मात्र एका शब्दात मोकळं करायचं? 'नाही' म्हटलं की झालं, निकाल लागला.

"आत्ता तरी काही सांगता येत नाही," कांग म्हणाले. "तीन महिन्यांनी माझी दुर्बीण आहे. तेव्हा परत बघू."

मोदिन घाम पुसत म्हणाले, "कांग, मयत तीन महिने थांबत नाही."

"मयत न्या ना. साक्ष थांबेल."

त्यानंतर 'चांगला' म्हणायची कुणाला हिंमत झाली नाही. आमच्या गल्लीतून निकाल राखून गेलेला हाजी मुस्लिख हा पहिलाच.

तेव्हापासून फतोनी दर तपासणीला कांगना स्वतःच्या गाडीतून सेमारांगला नेतो. वाटेत खड्डा आला की गाडी पाळण्यासारखी चालवतो. मशिदीत कांगच्या मूत्राशयासाठी दुआ मागतो. डॉक्टरांच्या दाराबाहेर त्याचा चेहरा बघून नर्स त्यालाच पेशंट समजते. कांग बाहेर आले की उठून उभा राहतो.

"काय म्हणाल्या, कांग?"

"स्वच्छ आहे. सहा महिन्यांनी परत बघू."

"आणि बाबांचं?"

"सहा महिन्यांनी."

आता तपासणी वर्षाने होते. रुकाया चिडते, "एकदाचं काय ते सांगून टाका हो, पोरगं सुकलं."

"सांगेन की. मला आधी पूर्ण बरं तर होऊ दे."

गेल्या खेपेला कांगनी डॉक्टरीणबाईंना मुद्दाम फतोनीसमोर विचारलं, "पूर्ण बरा झालो असं तुम्ही कधी म्हणणार?"

"या आजारात आम्ही ते शक्यतो म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "येत राहायचं."

परतताना कांगनी रस्त्याकडेला गाडी थांबवायला लावली आणि दोन शहाळी फोडून घेतली. एक फतोनीच्या हातात दिलं.

"पी," ते म्हणाले. "वेळ लागणारच."