मालकाने शेवटी बोलायचं

रिद्धीला सोनिया मॅडमचा राग का येतो, हे चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. बाईंनी तिच्या नवऱ्याला माणसात आणलं होतं, एवढाच त्यांचा गुन्हा.

कमलेशचा अंबरनाथला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. सासरे गेले आणि तो एकदम मालक झाला, तेव्हापासून कामगारांवर नुसता खेकसायचा. त्यांचा मुलगा समर्थ जन्मेपर्यंत रिद्धी ऑफिसात बसायची. "अहो, आधी त्यांचं ऐकून तरी घ्या," सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला. "तुला काय कळतंय धंद्यातलं?" हे उत्तर ठरलेलं. मग कोणीतरी मालकांना माणसं सांभाळायला शिकवणाऱ्या या कोच, सोनिया मॅडम, सुचवल्या. दर गुरुवारी त्या उल्हासनगरहून येत. त्यांचा पहिला नियम: मीटिंगमध्ये मालकाने सगळ्यात शेवटी बोलायचं. म्हणजे रिद्धीचंच सांगणं! पण आता चिखलोलीच्या फ्लॅटमध्ये उठताबसता "मॅडम म्हणतात..." सुरू.

एका गुरुवारी समर्थला कडेवर घेऊन ती डबा द्यायला कारखान्यात गेली. डबा निमित्तालाच.

केबिनचं दार अर्धं उघडं होतं. जनू सुपरवायझर सांगत होता, "शेठ, गोंद सुकायच्या आधीच आपण थप्प्या लावतो, म्हणून माल परत येतोय."

पूर्वीचा कमलेश तिथेच तुटून पडला असता. आज त्याने जनूला पुरतं बोलू दिलं. "मग तूच सांग, कसं करायचं?" जनूची फुगलेली छाती दारातूनही दिसली.

मीटिंग संपून माणसं कामाला गेली. कोपऱ्यातून सोनिया मॅडमनी विचारलं, "कसं वाटलं?"

"भीती वाटली. बाबा गेल्यापासून रोज वाटते, मॅडम. माझ्या हातून सगळं बुडेल अशी."

रिद्धीच्या अंगाची लाही लाही झाली. डबा वॉचमनकडे देऊन ती तशीच परतली. बायकोला ठाऊक नसलेली भीती त्या बाईला ठाऊक!

संध्याकाळी तिने त्याला दारातच गाठलं. "परक्या बाईला सांगता, मला नाही?"

कमलेश बूट काढता काढता थांबला. "सांगणार होतो गं. पोटात गोळा येतो, छातीत कसंतरी..."

"बीपी बघितलं का? उद्यापासून मीठ कमी करते. आणि सोमवारी शिवमंदिरात जाऊन..."

"हे असं होतं," तो म्हणाला. "मॅडम लगेच उपाय सांगत नाहीत. म्हणून बोलता येतं."

तिला ते झोंबलं. समर्थला शिंक आली तरी डॉक्टर गाठणारी ती. काळजी म्हणजे उपाय, एवढंच तिला येत होतं. पोराला मांडीवर घेऊन तिने फरशीवर बसकण मारली. "बोला."

तो बोलू लागला. मोठं गिऱ्हाईक दुसरीकडे चौकशी करतंय. गेट दिसलं की पाय जड होतात. प्रत्येक वाक्याला तिच्या जिभेवर सल्ला येई, ती तो गिळे. बाई उगाच फी घेत नाही, असं मनात आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

"बघ," कमलेश हलका होत म्हणाला, "मॅडमपण अगदी अशाच..."

"मॅडमचं नाव काढलंत तर आज जेवायला नाही."

तो हसला. मग मान खाली घालून म्हणाला, "कधी कधी वाटतं, विकून टाकावा कारखाना."

'वेड लागलंय का?' रिद्धीच्या ओठांवर आलं. तरी तिने एवढंच विचारलं, "हे सांगितलंय त्यांना?"

"नाही. हे कोणालाच नाही."

ती समर्थसकट त्याच्याजवळ सरकली.